हॉटेलचा बोर्ड बदलतो त्याच्या आधी भटारखान्यात काय घडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या एका गृहस्थांच्या घराजवळ मंगळूरकडच्या माणसाचं उडुपी हॉटेल होतं. सकाळी इडली-वडा, दुपारी राइस प्लेट, संध्याकाळी मसाला डोसा, वर्षानुवर्षं तेच. दिवाळीनंतर ते काही दिवस बंद राहिलं आणि उघडलं ते नव्या नावाने. मेनूत मंदी (एका ताटातला अरबी पद्धतीचा भात आणि मांस), अल्फहम (निखाऱ्यावर भाजलेलं चिकन), शवर्मा आणि चायनीज. बोर्डवर पूर्वी कन्नडच्या खाली मराठीही होतं, ते गेलं. त्याच सुमारास बाजारातल्या राजस्थानी मिठाईवाल्याने कुंद्याच्या (दूध आटवून केलेल्या मिठाईच्या) काउंटरशेजारी पावभाजी आणि नूडल्स सुरू केले. त्यांना जाणून घ्यायचंय की बाहेरून येऊन इथे हॉटेल चालवणारी ही माणसं अचानक सगळं का बदलतात, त्यात सीमाभागातल्या भाषेच्या भांडणाचा हात किती, आणि जुनी चव परत मिळेल का.

माझा धंदा उद्यमबागेत. हॉटेलच्या भटारखान्याचं सामान आम्ही बनवतो. डोशाचे तवे, इडलीचे स्टीमर, चायनीज रेंज म्हणजे मोठ्या आचेच्या शेगड्या, तंदूरचे ड्रम, धूर ओढणारे हूड. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, गोकाक, आणि हद्दीपलीकडे चंदगड-गडहिंग्लजलाही आमचं सामान जातं. गल्लीला नवा बोर्ड दिसतो तेव्हा आमच्या शेडमधून चायनीज रेंज जाऊन महिना झालेला असतो. एखादा उडुपीवाला मोठा ग्राइंडर विकायला काढतो तेव्हाच पुढचं कळून येतं. म्हणून हे उत्तर मी भटारखान्याच्या बाजूने देतोय. गिऱ्हाईक बोर्ड वाचतं, मेनूकार्ड वाचतं आणि त्यावरून मालकाच्या मनाचा अंदाज बांधतं. पण मेनू ठरतो तो आत चुलीपुढे कोण उभा आहे आणि जागेचा करार कुणाच्या नावावर आहे या दोन गोष्टींवर. बाकीची कारणं खरी असली तरी यांच्या मागून येतात.

आधी ‘अचानक’चं बघू. बाहेरून बघणाऱ्याला ते अचानक वाटतं, कारण मालक कधी गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं तर गिऱ्हाईक तुटतं, कामगार दुसरीकडे बघायला लागतात, उधारीवाले दारात येतात. टिळकवाडीसारख्या हॉटेलचा निर्णय बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षं आधी झालेला असतो. खुणा असतात. रविवारची सुट्टी सुरू होते. मेनूतून नीर डोसा, गोळी बजे, शिरा असे पदार्थ एकेक करून ‘आज नाही’ होतात. सांबार पातळ होतं. फुटलेली फरशी तशीच राहते. ज्याला पाच वर्षं धंदा करायचाय तो फरशी बदलतो.

आता चुलीपुढच्या माणसाचं. उडुपी, कुंदापूर, ब्रह्मावर, बैंदूर या पट्ट्यातून मुलं हॉटेलात कामाला येत. आधी क्लीनर, मग सप्लायर, मग कॅप्टन किंवा काउंटर, आणि नशिबाने साथ दिली तर स्वतःचं हॉटेल. हॉटेल झालं की तो आपल्या गावची पोरं आणतो. ही साखळी मुंबई-पुण्यापर्यंत पसरली आणि बेळगावातही तशीच रुजली. कर्नाटकात १९७४ साली जमीन सुधारणा कायद्याची दुरुस्ती झाली आणि किनाऱ्यावरच्या जमिनी मोठ्या प्रमाणात कुळांकडे गेल्या, तेव्हा ज्यांच्या हातून शेती गेली अशा अनेक घरांतली मुलंही हॉटेल लाइनमध्ये उतरली. त्याआधी पोटासाठी निघालेले ब्राह्मण स्वयंपाकी होतेच. या सगळ्यांनी मिळून जे हॉटेल घडवलं तेच आपण ‘उडुपी’ म्हणून खाल्लं.

ती साखळी आता तुटली आहे. त्याच गावांतली मुलं मणिपाल-मंगळूरच्या कॉलेजांत शिकतात, बेंगळुरूला नोकरीला लागतात, आखातात जातात. त्यांनी जावंच. पहाटे साडेचारला उठून वाफेत उभं राहण्यापेक्षा ते बरं. एका अण्णाने, म्हणजे उडुपी हॉटेलच्या मालकाने, मला सरळ सांगितलं, “मुलगा येत नाही की ओ. बेंगळुरात फ्लॅट घेतलाय. मी आणि किती दिवस उभा राहू?” यात रडगाणं नव्हतं. मुलगा शिकला याचा अभिमानच होता त्याच्या आवाजात. पण हॉटेलचं भवितव्य त्या तीन वाक्यांत ठरून गेलं होतं.

मग त्या जागी कोण येतं? नेपाळ, ओडिशा, आसाम, बंगाल, बिहार, उत्तराखंड इथली पोरं. मेहनती आहेत, पटकन शिकतात. पण त्यांच्या हाताला सवय आहे ती कढई, तंदूर आणि चायनीजची. शिवाय हेड कुक एकटा येत नाही, आपली चार-पाच जणांची टोळी घेऊन येतो, आणि जातो तेव्हा टोळीसकट जातो. दसऱ्याला नेपाळची मुलं दशैंसाठी गावी गेली आणि परतलीच नाहीत, अशी हॉटेलं मी बघितली आहेत. मालकाने तातडीने दुसरी टोळी आणली ती तंदूरवाल्यांची. पंधरा दिवसांत मेनूकार्डवर ‘पनीर टिक्का’ आला. लोक म्हणाले, मालकाची चव बदलली. मालकाची चव तीच होती. त्याला शेंगा चटणी आवडते की पनीर, हा प्रश्नच नव्हता, दुकान उघडं ठेवायचं होतं.

डोशाचं काम किती माणसावर अवलंबून असतं ते जवळून बघितल्याशिवाय पटत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टात हवा गार आणि ओली असते. मंगळूरला रात्रीतून आठ तासांत फुगणारं पीठ इथे बारा-चौदा तास घेतं. चांगला वस्ताद, म्हणजे मुरलेला आचारी, मेथी थोडी वाढवतो, वाटताना कोमट पाणी घालतो, पातेलं भट्टीच्या उबेला सरकवतो आणि दुपारी तीनला वाटायचं पीठ एकला वाटून ठेवतो. हे कुठे लिहिलेलं नसतं. तो माणूस गेला की नवा माणूस तांदूळ-उडदाचं तेच माप घालतो आणि पावसाळ्यात इडली दगड होते. गिऱ्हाईक दोनदा माफ करतं, तिसऱ्यांदा समोरच्या टिफिन सेंटरमध्ये जातं.

एका अशाच बंद होणाऱ्या हॉटेलचा तवा काढायला मी आमच्या माणसांबरोबर गेलो होतो. चार फूट बाय दोन फूट, पाऊण इंच जाडीची लोखंडी प्लेट, शंभर किलोच्या वर वजन. मधे काळी, तेल प्यायलेली, आरशासारखी गुळगुळीत, कडेला तांबूस. नव्या प्लेटवर सुरुवातीचे कित्येक दिवस डोसा चिकटतो, कांदा अर्धा कापून तेलात बुडवून घासत राहावं लागतं, पाणी मारून हिराच्या केरसुणीने ओढत राहावं लागतं, तेव्हा कुठे ती चढते. त्या प्लेटवर खाली दोन बर्नर होते आणि उजवीकडचा थोडा जास्त तापायचा. वस्तादाने मला हाताने हवेत रेघ मारून दाखवलं की साधा डोसा कुठे, सेट डोसा कुठे, आणि उत्तप्पा कुठे टाकायचा. नवा चालक म्हणत होता भंगाराच्या भावाने वजन करून टाका. अण्णाने ऐकलं नाही. तवा त्याने वस्तादालाच दिला, पैसे न घेता. वस्तादाने अनगोळच्या बाजूला एका शटरमध्ये सकाळचं टिफिन सुरू केलं. बोर्ड नाही, फक्त इडली, वडा, डोसा आणि चहा. साडेदहाला बंद. मोठ्या हॉटेलचं नाव पुसलं गेलं तरी त्याची चव अशी एखाद्या शटरमध्ये जिवंत असते. जुनी चव कुठे मिळेल या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच आहे. आधी वस्ताद कुठे गेला ते विचारा.

दुसरी गोष्ट कराराची. बाहेरच्याला दिसत नाही, पण शहरातली पुष्कळ हॉटेलं मूळ मालक चालवत नाही. तो ‘चालवायला देतो’. महिन्याला ठरलेली रक्कम, वर डिपॉझिट, आणि करार अकरा महिन्यांचा, कारण वर्षाच्या वरचा करार नोंदवावा लागतो. जागेचा मालक एक, हॉटेलचं सामान आणि नाव दुसऱ्याचं, गल्ल्यावर बसलेला तिसराच. तुमच्या टिळकवाडीच्या हॉटेलात माझ्या अंदाजाने हेच झालंय. अण्णा दमला, त्याने केरळकडच्या किंवा किनाऱ्यावरच्याच एखाद्या तरुण माणसाला चालवायला दिलं. चेहरे बदलले असतील तर हे नक्कीच. म्हणजे ज्या माणसाने मेनू ‘बदलला’ असं तुम्हाला वाटतं, त्याने काही बदललेलं नाही. तो गेला. आला तो दुसरा माणूस, त्याच्या हातचं घेऊन.

आणि अकरा महिन्यांच्या मुदतीत बसलेला माणूस कसा विचार करतो तेही समजून घ्या. डिपॉझिट अडकलंय, भाडं पहिल्या दिवसापासून चालू. नाव जमवायला, तवा चढायला, सकाळचं गिऱ्हाईक बांधायला त्याच्याकडे वेळ नाही. इडलीच्या प्लेटला चाळीस-पन्नास रुपये येतात, आणि ती खाणारा माणूस पेपर वाचत अर्धा तास बसतो. मंदीच्या एका ताटाभोवती चार जण बसतात आणि बिल त्याच्या दहा-पंधरा पट होतं. शिवाय डोशाचा तवा सकाळपासून दुपारपर्यंत तापलेलाच ठेवावा लागतो, गिऱ्हाईक असो नसो, गॅस जळतो. चायनीज रेंजचा बर्नर गॅस जास्त ओढतो, पण ऑर्डर आली तरच पेटतो. व्यवसायाच्या १९ किलोच्या सिलिंडरचा भाव वर-खाली होत राहतो, आणि तो वाढला की या फरकाचा हिशेब प्रत्येक मालक करतो. माझ्याकडे तवा विकायला येणारा आणि रेंज घ्यायला येणारा माणूस पुष्कळदा एकच असतो, आणि तो महिना सिलिंडर महागल्याचा असतो.

पार्सलने तर सगळंच उलटं केलं. डोसा डब्यात दहा मिनिटांत मऊ पडतो, वडा सांबारात विरघळतो. बिर्याणी, नूडल्स, शवर्मा अर्ध्या तासाने उघडलं तरी खाण्यासारखं राहतं. मोबाइलवरून ऑर्डर घेणाऱ्या कंपन्या बिलातला मोठा हिस्सा ठेवून घेतात, तो हिस्सा पन्नास रुपयांच्या इडलीतून निघत नाही. मार्च २०२० नंतरच्या लॉकडाऊनमध्ये महिनोन् महिने फक्त पार्सलच चालू होतं, तेव्हा ज्या उडुपीवाल्यांनी बिर्याणी ठेवली ते तगले. मग ती मेनूतच राहिली.

गिऱ्हाइकाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे, मेडिकल आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातली तरुण पोरं भाड्याने राहतात, रात्री साडेदहाला जेवतात. उडुपी हॉटेल रात्री नऊला खुर्च्या उलट्या ठेवत असे.

कायद्याने झालेले बदल मात्र खरोखरच रातोरात होतात, आणि लोक नेमके तेच विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. वीस हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी ती मर्यादा पुढे २२० मीटर केली. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. निपाणी, संकेश्वर, काकती या पट्ट्यात पुणे-बेंगळुरू महामार्गावर किती बार-रेस्टॉरंट होते ते जाणाऱ्या-येणाऱ्याला माहीत आहे, आणि त्यांतले कितीतरी किनाऱ्यावरून आलेल्या शेट्टी मंडळींचे. एका रात्रीत धंद्याचा कणाच मोडला. कुणी शटर ओढलं, कुणी ‘प्युअर व्हेज फॅमिली रेस्टॉरंट’ झाला, कुणी ‘कोल्हापुरी मटण खानावळ’ असा फलक लावला. पुढे त्याच वर्षी न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश लागू नाही, तेव्हा काही बार परत आले. कर्नाटकात बारचे नवे परवाने १९९२ नंतर वर्षानुवर्षं बंद असल्यासारखेच होते, त्यामुळे जुना परवाना ही मोठी मालमत्ता झाली. परवाना हलला की हॉटेल हलतं. बोर्ड बदलण्यामागे आवडनिवड शोधण्याआधी परवान्याचं काय झालं ते विचारावं.

तसंच रंगाचं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कापूस-मिठाईतल्या ऱ्होडामिन-बी या रंगावरही. जूनमध्ये कबाबांना तोच नियम लागला. शिक्षा तुरुंगवासाची आणि दंड दहा लाखांपर्यंत. बेळगावच्या प्रत्येक गाड्यावर लालभडक दिसणारा गोबी काही आठवड्यांत तपकिरी झाला, आणि काहींनी तो काढूनच टाकला. नियम चांगला आहे, माझ्या मते फार उशिरा आला. पण गिऱ्हाइकाला लाल रंगाची सवय होती, तपकिरी गोबी बघून लोक ‘तेल जुनं आहे’ म्हणून परत करायचे. गाडीवाल्याने मोमो ठेवले. यात त्याचा दोष काय?

आता भाषेचा प्रश्न. इथे राहणाऱ्या मराठी माणसाला बोर्डवरचं मराठी गेलेलं बघून वाईट वाटतं. मलाही वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं. इतकं सगळं अंगावर घेतलेल्या गावात पाटीवरची चार अक्षरं ही नुसती अक्षरं राहत नाहीत. म्हणूनच नेमकं काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळाने दुरुस्ती करून फलकावर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं. उरलेल्या ४० टक्क्यांत दुसरी भाषा चालते. पण दुकानाचा फलक दहा फुटांचा. चार फुटांच्या जागेत मालकाला एकच भाषा बसवायची असेल तर तो इंग्रजी बसवतो, कारण कॉलेजची पोरं आणि मोबाइलवर शोधणारे ते वाचतात. त्यामुळे मराठी जातं. उडुपीवाल्याने ते हौसेने काढलेलं नसतं.

किनाऱ्यावरच्या माणसाची इथली परिस्थिती तुम्ही कधी विचारात घेतली आहे का? तो घरी तुळू किंवा कुंदापूरची कन्नड बोलतो. ऑफिसात कागदपत्रांची कन्नड. गल्ल्यावर बसला की, “काय ओ, पार्सल की इथंच?” असं आपलं बेळगावी मराठी. कामगारांशी हिंदी. १ नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला काळा दिन, आणि याचं शटर रस्त्यावर. दगड कुणाचाही असला तरी काच त्याचीच फुटणार. म्हणून नवं नाव ठेवताना असे लोक देवाचं नाव, नाहीतर ‘सागर’, ‘पॅलेस’, ‘ग्रँड’ असं काहीतरी निवडतात, जे कुठल्याच बाजूचं वाटणार नाही. ‘उडुपी’ हा शब्द गाळण्यामागेही कधीकधी हेच असतं. त्यांना वादात पडायचं नाही. पोटासाठी आलेल्या माणसाची ही सावधगिरी मला समजते आणि तिचा मी आदर करतो. मराठी फलकाचा आग्रह धरायचा तर तो नियम करणाऱ्यांकडे धरू, अण्णाच्या गल्ल्यावर नको.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्रिटनमधली ‘इंडियन’ रेस्टॉरंटं वर्षानुवर्षं मुख्यतः बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांनी चालवली. गिऱ्हाइकाला ‘इंडियन’ ओळखीचं होतं, म्हणून त्यांनी तेच नाव लावलं. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी केली होती. १९१५ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने चिनी रेस्टॉरंटचा मालक व्यापारी म्हणून येऊ शकेल असं झालं आणि मग तिथे चिनी रेस्टॉरंटं झपाट्याने वाढली. स्वयंपाकाची आवड एकाएकी वाढली नव्हती, देशात यायचा कागद मिळत होता. मुंबईतले इराणी घ्या. यझ्द-केरमानकडून आलेल्यांची पुढची पिढी शिकून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या कितीतरी जागा उडुपीवाल्यांनी किंवा बारवाल्यांनी घेतल्या. इराण्यांकडून उडुपीकडे आलेली जागा आता उडुपीकडून मंदीकडे जात असेल, तर त्यामागचं कारण दोन्ही वेळा एकच आहे, पुढची पिढी गल्ल्यावर बसत नाही. आणि ज्या मंचुरियनने आपल्या गल्ल्या भरून गेल्या तेही कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या नेल्सन वाँग या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास मुंबईत रूढ केलं. चीनमधून ते आलेलं नाही.

राजस्थानी मिठाईवाल्याची गोष्ट वेगळी आहे, तिला टिळकवाडीच्या हॉटेलाबरोबर जोडू नका. तिथे माणसं तीच आहेत, नाव तेच आहे, बहुधा जागाही स्वतःची आहे आणि घर वरच्या मजल्यावर. अशा माणसाला अकरा महिन्यांची घाई नसते, म्हणून तो जुनं मोडत नाही, शेजारी नवं जोडतो. कुंदा आज बेळगावचा म्हणून जगभर ओळखला जातो, पण तो इथे रुजवला तो मारवाडी हलवायांनीच, असं गावातली जुनी माणसं सांगतात. म्हणजे बाहेरून आलेल्याने इथली ओळख घडवण्याचं उदाहरण आपल्या जिभेवरच आहे. पण कुंद्याला दूध तासन् तास आटवावं लागतं, माणूस भट्टीपासून हलू शकत नाही, आणि विक्री सणासुदीला, लग्नसराईला आणि पाहुणे परत जाताना. ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवरही ‘केव्हापर्यंत चांगली’ ते लिहिणं सक्तीचं झालं, त्यामुळे उरलेला माल खपवता येत नाही. तेही योग्यच. मधले कोरडे महिने भरून काढायला त्याला रोज संध्याकाळी रोख आणणारी वस्तू हवी होती, आणि पावभाजीचा तवा ते करतो. त्यांच्या कुंद्यावर याचा परिणाम होणार नाही, उलट पावभाजीने भट्टी जिवंत राहील. काळजी तेव्हा करा, जेव्हा ते कुंदा बाहेरून आणून विकायला लागतील. समजायला सोपं आहे. दुपारी दुकानामागून दूध आटल्याचा वास येतो का बघा.

टिळकवाडीच्या नव्या हॉटेलाला शिव्या देऊ नका, एवढी विनंती. मंदी नीट करणं सोपं नाही. तांदूळ आणि मांस एकाच वाफेवर शिजवायचं, मसाला कमी आणि वेळेवर भर. चांगला करणारा असेल तर तीन-चार वर्षांत तेही ‘आमच्या टिळकवाडीचं’ होईल. टिकणार की नाही ते ओळखायला एक बघा. त्याने धूर काढायचा हूड आणि नळ्या नव्या बसवल्या आहेत की भाड्याच्या जुन्यावरच भागवलंय? हूड हलवता येत नाही, करार संपला की तो तिथेच राहतो. ज्याने त्यावर पैसा घातला तो राहायला आलाय.

आणि आपल्यापैकी कुणी असं बंद पडत आलेलं उडुपी चालवायला घेणार असेल, तर दुपार-रात्रीचा मेनू हवा तो करा, पण सकाळचा वस्ताद सोडू नका. त्याला पगाराऐवजी सकाळच्या गल्ल्यात वाटा द्या. संकेश्वर आणि खानापूरकडे दोघांनी असं केलेलं मला माहीत आहे. सकाळी सहा ते साडेदहा इडली-डोसा, अकरानंतर मटण-भाकरी, भांडी आणि ओटे वेगळे. सकाळचं शाकाहारी गिऱ्हाईक सुरुवातीला बिचकलं, मग परत आलं, कारण चटणी तीच होती.

तुमच्या जुन्या चवीचा माग काढायला आणखी एक वाट आहे. वस्तादाचा पत्ता हॉटेलात कुणी देणार नाही. रविवार पेठेत हॉटेलांना नारळ देणारे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे जा. ताज्या नारळाची चटणी करणारा माणूस नारळाशिवाय एक दिवस राहू शकत नाही, आणि त्याने जागा बदलली तरी नारळवाला बदलत नाही. मोठ्या हॉटेलांचं सोडून द्या, सकाळी लवकर येऊन थोडे पण रोज नारळ कोण नेतो, एवढंच विचारा.